डोळ्यांत मावेल असा डोंगर

समोर कोणी येऊन बसलं, की काकू आधी मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवायच्या. काळोखात बॅटरीचा झोत फिरवावा तशी. त्या झोतात माणूस आला की मान थांबायची, चेहऱ्यावर हसू यायचं आणि मग त्या म्हणायच्या, "हां, ही बघ इथे आहेस. बोल आता."

पहिल्यांदा भेटणाऱ्याला हे विचित्र वाटायचं. मलाही वाटलं होतं. आपल्याला कोणी असं नीट शोधून काढून मग बोलत नाही ना! बहुतेक जण मोबाईलमध्ये डोकं घालून बोलतात, आणि खरं सांगायचं तर तुम्ही-आम्हीही तसेच बोलतो. काकूंसमोर बसलं की मात्र कोणीतरी आपल्याला पुरतं बघितलंय, असं वाटत राहायचं.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं तिकिटांचं ऑफिस आहे. माझ्याकडे येणारी बरीचशी माणसं परदेशी कामाला जाणारी. कुवेत, दोहा, मस्कत. कुठे जायचं हे त्यांना ठरवायचं नसतं, ते दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेलं असतं. फिरायला जाणारे त्या मानाने थोडे, आणि तेही ठरवूनच येतात. शेजारचे दुबईला गेले असतील तर आपण सिंगापूर, एवढा साधा हिशोब. त्यामुळे आंब्याचा हंगाम आटोपल्यावर, ऐन पावसाळ्यातल्या एका दुपारी काकू आपल्या नणंदेचा कोपर धरून आत आल्या, खुर्चीत बसल्या, मान फिरवून मला शोधलं आणि म्हणाल्या, "परदेश दाखव," तेव्हा मला हसू आलं.

"कुठला देश काकू?"

"ते मला कुठे ठाऊक? साडी घ्यायला गेलो की आधी दाखवतात ना? तसं दाखव."

पावस गावाच्या वाटेवर काकूंची हापूसची बाग होती. नवरा लवकर गेला. मुलगा शिकायला म्हणून पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. बाग काकूंनीच सांभाळली. घरात सोबतीला ही नणंद. तिने लग्न केलं नव्हतं, पोस्टात नोकरी करून निवृत्त झाली होती आणि भावाच्या घरीच राहिली होती. सगळा गाव एकीला काकू आणि दुसरीला आत्या म्हणायचा. एका स्वयंपाकघरात दोघींचा जन्म गेला होता आणि आमटीत गूळ किती, यावर अजून एकमत झालेलं नव्हतं.

मी काँप्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि पॅरिसचा तो लोखंडी मनोरा दाखवला. काकूंनी बराच वेळ बघितला.

"हा माझ्या डोळ्यांत मावेल का?"

मला ती बोलण्याची तऱ्हा वाटली. मी म्हटलं, "मावेल की. सगळ्यांच्या मावतो."

"सगळ्यांचं नको सांगूस," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्याच्या तळाशी नेऊन मला उभं केलंस, तर मला त्याचा एक पाय दिसेल. तेवढ्यासाठी कशाला जायचं?"

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू होता. दुखलं-खुपलं काही नव्हतं, म्हणून कळायलाच उशीर झाला. बागेत फिरताना एकाच बाजूच्या फांद्या कपाळाला लागायला लागल्या. जांभ्याच्या पायऱ्यांवर कडेची पायरी चुकायला लागली. गड्यांना वाटलं, काकू म्हाताऱ्या झाल्या. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या कडा गेलेल्या होत्या, मधलं तेवढं उरलं होतं.

"रेल्वेच्या बोगद्यात शिरल्यावर पलीकडचं तोंड दिसतं बघ. तेवढंच दिसतं मला. आणि तेही बारीक होत चाललंय. औषधाने आहे ते राहील तेवढे दिवस राहील म्हणाले. गेलेलं काही परत येत नाही."

आत्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. त्यांना हे सगळं पाठ होतं आणि पुन्हा ऐकायचं नव्हतं.

मी विचारलं, "मग काशी, रामेश्वर असं काही..."

"मुलगाही तेच म्हणतो. अगं, देऊळ मला मिटल्या डोळ्यांनी दिसतं. घंटा, उदबत्ती, पायाखालची फरशी. समुद्र तसाच दिसतो. बागेतलं झाड न् झाड दिसतं. जे जन्मभर बघितलं ते कुठे जात नाही. मला नवं काहीतरी हवंय. पुढे सगळं मिटलं की पुरेल असं."

त्यानंतर त्या पावसाळ्यात दोघी अधूनमधून येत राहिल्या. मी इतक्या लोकांना देश दाखवले, पण कुठलं शहर घ्यावं आणि कुठलं सोडावं याचा असा विचार मी आधी कधी केलेला नव्हता. दुबईचे दिवे नकोत, कारण दिव्यांभोवती त्यांना नुसती कडी दिसायची. संग्रहालयं नकोत, आत अंधार असतो. इस्तंबूलचे बाजार आत्यांना फार आवडले, पण काकू म्हणाल्या, "मला सगळे धक्केच मारून जातील, आणि मला वाटेल मीच मारला." रोमच्या दगडी पायऱ्या मी स्वतःच बाद केल्या.

स्वित्झर्लंडवर मला फार भरवसा होता. आपली मराठी माणसं तिकडे डोळे झाकून जातात. बर्फाचे डोंगर दाखवले. काकूंनी मान इकडून तिकडे फिरवली, परत फिरवली आणि थकल्यासारख्या मागे टेकल्या.

"चहूकडे डोंगरच डोंगर. एकाकडे बघितलं की दुसरा निसटतो. असा एकटा उभा असलेला कुठे नाही का गो? आजूबाजूला काही नको. लांबनं बघायचा."

मी जपानचा फुजी पर्वत पडद्यावर आणला. पुढे तळं, मागे तो एकटा डोंगर, डोक्यावर बर्फ.

काकू उठल्या. खुर्ची मागे ओढत ओढत पार दारापर्यंत नेली, तिथे बसल्या आणि बघितलं. पावसाची झड त्यांच्या पाठीवर येत होती.

"इथनं अख्खा येतो," त्या म्हणाल्या. "हाच."

आत्यांनी त्या दिवशी घरी जाऊन मोबाईलवर सगळं जपान बघून काढलं. दुसऱ्या खेपेला त्या तयारीनिशी आल्या. क्योटोचं सोन्याचं देऊळ, बांबूचं रान, आणि नारा नावाच्या गावातली हरणं. "बिस्किट दाखवलं की ती मान वाकवून नमस्कार करतात," आत्या मला सांगत होत्या. "खरं हो! आपल्याकडे पोस्टात कोणी साधं हसलं नाही कधी."

दिवसही काकूंनीच निवडले. भात कापून झालेलं, बागेत मोहोर यायचाय, फवारण्या सुरू व्हायच्यात, असा ऑक्टोबर संपतानाचा मोकळा काळ. योगायोगाने तिकडेही तेव्हा आकाश निवळतं आणि डोंगरावर नवा बर्फ पडतो. मुलाचा फोन आला. "आई तिथे पडली तर?" असं त्याने मला विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मी सोबत जाणार असेन तरच त्याची हरकत नव्हती. मी रत्नागिरी-चिपळूणची आणखी काही मंडळी जमवली. टोकियो, मग फुजीजवळचं तळ्याकाठचं गाव, पुढे क्योटो, नारा, ओसाका आणि परत टोकियो, असा बेत ठरला.

टोकियोत आत्या लहान मुलीसारख्या झाल्या. प्रत्येक दुकानाच्या काचेला नाक लावत होत्या. काकू त्यांचा कोपर धरून चालायच्या, पण आत्यांचा कोपर एका जागी राहीना. एका मोठ्या दुकानाच्या काचेच्या दारावर काकू सरळ जाऊन आदळल्या. कपाळ सुजलं. दुकानातल्या मुली धावत आल्या, बर्फ आणला. काकू म्हणाल्या, "काही झालं नाही. काच फारच स्वच्छ ठेवतात हो ही माणसं." आम्ही हसलो. आत्या हसल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी काकूंचा हात आपल्या हातात अडकवला तो सोडलाच नाही.

तळ्याकाठच्या गावात पोचलो तेव्हा झिमझिम पाऊस होता. आमच्या लॉजची मालकीण वयस्क होती, मराठी नाही, हिंदी नाही, आमच्यासारखंच मोडकं इंग्रजी. तिने अंगणात येऊन हाताने समोर दाखवलं, डोंगर तिकडे आहे म्हणून. तिकडे नुसता पांढरा पडदा होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. मंडळी तारेवरच्या पाळण्यातून टेकडीवर जाऊन आली, तिथूनही पांढराच पडदा. काकू तळ्याकाठी बाकावर बसून राहिल्या.

क्योटोला निघायची सकाळ आली. बस दारात होती. काकू कपडे करून, बॅग न भरता बाहेर आल्या.

"तुम्ही जा. मी इथे थांबते. परतताना मला घेऊन जा."

"काकू, तुम्हाला एकटीला कसं ठेवू?"

"खोली आहे, जेवण आहे, ही बाई चांगली आहे."

"तुम्ही पडलात तर मी मुलाला काय सांगू?"

त्यावर काकू जे बोलल्या ते त्यांनी कधी, कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "पुढच्या वर्षी मला इथे आणून काही उपयोग नाही गं."

बसमधले लोक घड्याळं बघत होते. आत्यांची बॅग केव्हाच बसच्या पोटात गेली होती. त्या खाली उतरल्या आणि ड्रायव्हरला खुणेने ती बाहेर काढायला लावली.

"मी थांबते वहिनीजवळ," त्या मला म्हणाल्या.

"वन्सं, आणि तुमची हरणं?" काकूंनी विचारलं.

"राहू देत हरणं. नमस्कार करून घेण्याएवढी मी अजून मोठी झालेली नाही."

बस वळेपर्यंत मी मागे बघत होते. दोघी लॉजच्या दारात उभ्या होत्या. आत्या मान वर करून आमच्याकडे बघत होत्या. काकू तोंड पांढऱ्या आभाळाकडे करून.

मी क्योटोला होते, पण जीव तिकडे होता. रोज फोन करायची. "डोंगर?" असं विचारलं की आत्या म्हणायच्या, "नाही. पण आज तळ्यात बदकं आलीत." शेवटी मी मंडळींना ओसाकात स्थानिक गाईडच्या हवाली केलं आणि एक दिवस आधी तळ्यावर परतले.

संध्याकाळ होत आली होती. दोघी त्याच बाकावर, एका शालीत. मी मागून चालत गेले, त्यांना चाहूल लागली नाही.

"पिवळी छत्री घेतलेली एक बाई चाललीय," आत्या सांगत होत्या. "बरोबर कुत्रा आहे. कुत्र्यालाही रेनकोट घातलाय."

"कुठल्या रंगाचा?"

"लाल."

"मोठा आहे कुत्रा?"

"छे, मांजराएवढा. आता थांबलाय. बदकांकडे बघतोय. जावं की नाही त्याचं ठरत नाहीये."

काकू हसल्या. मी तिथेच उभी राहिले. या दोघींचं एकमेकींशी एवढं सरळ बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. चार दशकं एका घरात राहून एकीने दुसरीला 'मला काय दिसतंय ते ऐक' असं कधी सांगितलं नसेल. गरजही नसेल पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला निघायचं होतं. त्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास लॉजच्या मालकिणीने दार वाजवलं. ती भराभर काहीतरी बोलत होती, त्यातला 'फुजी' एवढा एकच शब्द मला कळला. आम्ही स्वेटर, शाली जे हाताला लागलं ते घेऊन अंगणात आलो.

मी जन्मात एवढं मोठं काही बघितलेलं नव्हतं. एवढे दिवस तिथे काही नाही असं आपण समजत होतो, आणि तिथे हा उभाच होता. वरचा बर्फ गुलाबी झाला होता.

काकू मान फिरवत होत्या. छप्पर सापडलं, विजेची तार सापडली, तळ्यापलीकडची झाडं सापडली. त्या खालीच शोधत होत्या. आपल्याकडच्या डोंगराची उंची त्यांच्या मनात होती.

"कुठे गो? नाही दिसत."

मी पुढे होणार, एवढ्यात आत्या त्यांच्या समोर गेल्या. मग बाजूला झाल्या. एका हाताने काकूंची हनुवटी धरली आणि सावकाश वर उचलली.

"वर बघ. अजून. अगो, आभाळ असतं तिथे बघ. जरा इकडे. थांब. हलू नकोस."

काकू थांबल्या.

मी फोटोसाठी मोबाईल वर केला होता, तो खाली घेतला. काकू एक पाऊल मागे सरल्या. आत्यांनी न विचारता दंड धरला आणि त्यांना मागे मागे नेलं, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

"आला," काकू म्हणाल्या. "आता सगळा आला."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. बघितलं. पुन्हा मिटले. पाठांतर करणारं मूल पुस्तक मिटून बघतं, अडलं की उघडून बघतं, तसं त्यांचं चाललं होतं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मालकीण पदराला हात पुसावेत तशी एप्रनला हात पुसत दारात उभी होती. तिलाही काहीतरी कळलं असावं, कारण तिने आम्हाला नाश्त्याला बोलावलं नाही. शेवटी आत्याच म्हणाल्या, "थंडी फार आहे. शाल नीट घे," आणि दुसरीकडे तोंड वळवलं.

आम्ही आत जाऊन चहा घेतला तोवर डोंगर पुन्हा ढगात गेला होता.

गावात परतल्यावर लोक विचारायला आलेच. एवढ्या लांब जाऊन काय काय बघितलंत?

"एक डोंगर."

"आणि?"

"आणि बदकं. ती वन्संनी बघितली."

लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, डोंगरच बघायचे तर कोकणात काय तोटा आहे! काकू कोणाला समजावत बसल्या नाहीत. बागेत हिंडत होत्या, मोहोरावर हात फिरवून तुडतुड्याची कीड आहे की नाही ते सांगत होत्या. दोन हंगाम गेले तसा तो बोगदा बारीक बारीक होत गेला आणि मग नुसता उजेड तेवढा कळायला लागला. मी गेले की माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करायच्या. मान फिरवून शोधणं थांबलं होतं.

एकदा धीर करून मी विचारलं, "काकू, दिसतो का अजून?"

"दिसतो की," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला उजवीकडची उतरण हरवायची. आता तीही येते."

या पावसाळ्यात काकू गेल्या. साधा ताप आला, छातीत उतरला, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मुलगा, सून, नातवंडं पंधरवडाभर राहिली आणि पुण्याला परतली. मुलाने आत्यांना चला म्हणून पुष्कळ आग्रह केला. त्या गेल्या नाहीत.

गणपतीनंतर मी भेटायला गेले. पाऊस उघडला होता. आत्या पडवीत बसल्या होत्या. त्यांनी मला चहा दिला. आमटीत आता कितीही गूळ घातला तरी कोणी बोलत नाही, म्हणून त्यांनी गूळच सोडला होता. बागेचं यंदा काय करायचं, गड्याला कसं सांभाळायचं, असं काहीबाही आम्ही बोलत होतो. मुलाचा फोन रोज येतो, असं सांगता सांगता आत्या मध्येच थांबल्या आणि अंगणाकडे बघत, माझ्याशी नव्हे, नेहमीच्या घरगुती आवाजात म्हणाल्या,

"फणसावर धनेश येऊन बसलेत. दोन आहेत. एक चोच पुसतोय फांदीला."

मग त्यांना मी असल्याचं आठवलं. त्या कसनुशा हसल्या. मी पुढचं ऐकायचं आहे असं तोंड करून बसले.

थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "उडाले. खाडीच्या अंगाला गेले."